कामी म्हणजे देव? जपानच्या देवदेवतांविषयी

माळावरचीवाट

नागोयात राहून मला अकरा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं घर पाडून नवीन बांधायला काढलं होतं. एका सकाळी पाहतो तर मोकळ्या जागेच्या चार कोपऱ्यांत चार हिरवे बांबू उभे, पानांसकट. त्यांना भाताच्या पेंढ्याची दोरी बांधलेली, दोरीला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या. मधे लाकडी मांडणीवर तांदूळ, मीठ, पाणी, साके म्हणजे तांदळाची दारू, एक अख्खा मासा आणि भाजी. आई जागच्या जागी थांबली. "अगं, ही तर भूमिपूजा!"

पुजाऱ्यांनी चारी कोपऱ्यांत तांदूळ-मीठ टाकलं, मालकाने वाळूच्या ढिगावर लाकडी कुदळ टेकवली, संपलं. आईच्या आग्रहामुळे मी पुजाऱ्यांना विचारलं, की ही पूजा कोणत्या देवाची? ते म्हणाले, "ओओतोकोनुशी." घरी येऊन पाहिलं. त्याचा अर्थ जागेचा थोर धनी, एवढाच. ज्या जमिनीवर उभं राहायचं तिचा जो कोणी आधीपासूनचा मालक आहे, तो.

तेव्हापासून मनात आहे की यावर नीट लिहावं. मराठीत जपानी देवांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक "हे सगळे आपलेच देव" या एका वाक्यावर येऊन थांबतं. काही देव खरोखरच आपल्याकडून गेलेत, आणि त्यांची कहाणी मला अतिशय प्रिय आहे. पण सगळ्यांनाच आपलं म्हटलं की त्यांच्या मातीतले जे देव आहेत ते आपल्याला दिसतच नाहीत.

मुळात "कामी" या शब्दाला "देव" हा प्रतिशब्द अपुरा पडतो. मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) हे इसेजवळच्या मात्सुसाका गावचे वैद्य. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात "कोजिकी" या जुन्या ग्रंथावर भाष्य लिहायचे. त्या भाष्याला त्यांनी तीसहून जास्त वर्षं दिली. त्यांनी कामीची व्याख्या केली ती अशी: माणूस असो, पशुपक्षी, झाड, डोंगर, समुद्र, काहीही असो, ज्यात नेहमीपेक्षा वेगळी, मनात धाक आणि आदर उपजवणारी शक्ती आहे ते कामी. चांगलंच असायला हवं अशी अट नाही.

"याओयोरोझु", म्हणजे ऐंशी लाख कामी, असं म्हणतात. आपल्या तेहतीस कोटींसारखाच तो अगणित सांगायचा आकडा. आणि कामी मोजायचे ते "हाशिरा" या शब्दाने. हाशिरा म्हणजे खांब. एक खांब, दोन खांब, तीन खांब देव. मला हे फार सुंदर वाटतं.

तुम्हाला काय माहीत आहे, काय विचारायचं आहे, लिहा.

राखणदार

मी सावंतवाडीकडचा. तुमची भूमिपूजा वाचून पहिलं डोळ्यापुढे आलं ते आमच्याकडचं जागेवाल्याला नारळ ठेवणं. त्यालाही नाव नसतं. नवीन घर बांधताना, विहीर खणताना त्याला विचारल्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही. माझी आजी सांगायची, आपण इथले पाहुणे, तो आधीचा. त्यामुळे "जागेचा थोर धनी" वाचल्यावर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण वाईटही कामी असतात म्हणजे काय?

माळावरचीवाट

दादा, अगदी तेच. आजीचं वाक्य त्या पुजाऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी वाकून नमस्कार केला असता.

वाईट म्हणण्यापेक्षा "ज्याची भीती वाटते असा" म्हणू. सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) हा मोठा विद्वान आणि कवी, दरबारात वर चढलेला. खोटा आळ घेऊन त्याला क्यूशूतल्या दाझाइफूला धाडलं. तिथेच तो झुरून गेला. पुढे राजधानीत साथी आल्या, ९३० साली राजवाड्यावर वीज पडून दरबारी मेले. लोकांची खात्री पटली की हा त्याचाच कोप. ९४७ साली क्योतोत कितानो इथे त्याचं देऊळ झालं. आज तोच तेन्जिन, विद्येचा देव. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या देवळात नवस लिहिलेल्या लाकडी पाट्या एकावर एक लटकलेल्या असतात, खालची पाटी दिसत नाही इतक्या. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची समजूत घालता घालता तो मुलांना पास करणारा झाला.

त्रिवेणी७१

लेख आवडला, पण एक मुद्दा. मी वाचलंय की "शिंतो" हा शब्द "सिंधू"वरून आला. म्हणजे हा धर्मच मुळात इथून गेला. यावर तुमचं मत?

माळावरचीवाट

हा संदेश माझ्याकडेही दरवर्षी येतो. तो खरा नाही. शिंतो हा चिनी अक्षरांतून आलेला शब्द आहे. पहिलं अक्षर देवाचं, दुसरं वाटेचं. देवांची वाट. सहाव्या शतकात कोरियातून बौद्ध धर्म आला, तेव्हा आपल्या जुन्या रीतीला वेगळं काहीतरी म्हणायची वेळ पहिल्यांदा आली. त्याआधी नावाची गरजच नव्हती. ७२० सालच्या "निहोन शोकी" या इतिहासग्रंथात हा शब्द सापडतो. "कामी" मात्र अस्सल जपानी.

शब्दवेडी

मला गोष्ट ऐकायची आहे. अगदी पहिली. जग कसं झालं ती.

माळावरचीवाट

कोजिकी ७१२ सालची, त्यातली सांगते.

इझानागी आणि इझानामी, नवरा-बायको, आकाशातल्या तरंगत्या पुलावर उभे राहतात. रत्नजडित भाला खालच्या खाऱ्या पाण्यात घालून ढवळतात. भाला वर काढल्यावर टोकावरून जे थेंब गळतात ते साकळून पहिलं बेट होतं. मग एका खांबाभोवती दोघं उलटसुलट बाजूंनी फिरतात, भेटतात, लग्न करतात. त्यांच्या पोटी बेटं जन्मतात, मग वारा, डोंगर, झाडं, सगळ्यांचे कामी. शेवटी अग्नी जन्मतो आणि त्याला जन्म देताना इझानामी भाजून मरते.

इथून पुढचं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. इझानागी तिला परत आणायला योमी नावाच्या मृतांच्या देशात जातो. ती आतून म्हणते, तुम्हाला उशीर झाला, मी इथलं अन्न खाल्लंय. तरी विचारून येते, तोवर माझ्याकडे बघू नका. तो थांबतो, थांबतो, आणि शेवटी केसांतल्या फणीचा कडेचा दात मोडून पेटवतो. त्या एवढ्याशा उजेडात दिसतं ते सडलेलं, किडे वळवळणारं शरीर. तो पळतो. ती संतापून मागे योमीतल्या हडळी सोडते, मग स्वतः येते. शेवटी तो वाटेवर हजार माणसांना हलेल असा धोंडा लावतो, आणि धोंड्याच्या दोन बाजूंना उभे राहून नवरा-बायको काडीमोड घेतात. ती म्हणते, तुमच्या देशातली हजार माणसं मी रोज मारीन. तो म्हणतो, मग मी रोज दीड हजार बाळंतिणींच्या झोपड्या बांधीन.

मरण का आहे आणि तरी माणसं का संपत नाहीत, याचं उत्तर एका भांडणात देऊन टाकलंय. शिमाने प्रांतात मात्सुए शहराच्या हद्दीत ही जागा दाखवतात, दोन मोठे धोंडे आहेत.

योमीतून आल्यावर तो विटाळ धुवायला पाण्यात उतरतो. डावा डोळा धुतला तेव्हा अमातेरासु झाली, सूर्य. उजव्यातून त्सुकुयोमी, चंद्र. नाक धुतलं तेव्हा सुसानोओ, आडदांड. जपानातला सगळ्यात मोठा देव मरणाच्या विटाळानंतरच्या आंघोळीतून जन्मला. देवळाच्या दारात आधी हात-तोंड धुवायचं ते यासाठी. आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ, आणि शेवटी पळी उभी धरून तिची दांडीही धुवायची, पुढच्याला स्वच्छ मिळावी म्हणून.

आर्याचीआई

ताई, तुम्ही खांबाभोवतीची गोष्ट सांगितलीत त्यात एक भाग गाळलात. मी इतरत्र वाचलाय. त्यांचं पहिलं मूल.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. चालत नाही. मला त्या मुलाचं पुढे काय झालं ते जाणून घ्यायचं आहे.

माळावरचीवाट

गाळला, खरं आहे. लिहायला धीर झाला नाही. आता लिहिते.

खांबाभोवती फिरून भेटल्यावर आधी इझानामी बोलली, "किती देखणा पुरुष!" बाईने आधी बोलावं हे चुकलं असं देवांनी ठरवलं. त्यांचं पहिलं मूल हिरुको, म्हणजे जळूसारखं, हाडाविण. निहोन शोकी म्हणते, तीन वर्षांचा झाला तरी उभा राहीना. त्याला होडीत घालून पाण्यात सोडून दिलं. जुने ग्रंथ इथे गप्प होतात.

लोक गप्प बसले नाहीत. पुढच्या शतकांत किनाऱ्यावरच्या माणसांनी म्हटलं, तो बुडाला नाही, तो आमच्याकडे लागला. निशिनोमियाच्या देवळात तो एबिसु म्हणून बसलाय, आणि तिथून तो देशभर गेला. हातात गळ, काखेत मोठा लाल मासा, गोल चेहरा, हसरा. कोळ्यांचा आणि दुकानदारांचा देव. त्याला मूर्तीत बहुतेक वेळा बसलेलाच दाखवतात. जपानच्या सात भाग्यदेवतांमध्ये बाकीचे परदेशातून आलेले. हा एकटा इथला.

आई-बापांनी टाकलेलं मूल लोकांनी उचललं आणि देवघरात बसवलं. आर्याला माझा गोड पापा.

आर्याचीआई

वाचून दाखवलं तिला. गळ आणि मासा घेतलेल्या देवाचं चित्र काढायला बसली आहे.

पदन्यास

मी गेली वीस वर्षं नाच शिकवते, म्हणून मला गुहेची गोष्ट जवळची. कोणी लिहिली नाही तर मी लिहिते, ताई चुकलं तर सांगा.

सुसानोओ बहिणीच्या राज्यात धुमाकूळ घालतो, बांध फोडतो, शेवटी विणकामाच्या घराचं छप्पर फोडून सोललेला घोडा आत टाकतो. तिथली एक विणकरीण मरते. अमातेरासु गुहेत शिरून दार लावून घेते आणि जगभर अंधार. देव जमतात. कोंबडे आणून आरवायला लावतात, आरसा बनवतात, झाडाला मणी टांगतात. कशाने काही होत नाही. मग आमे नो उझुमे एक पालथी घागर की पिंप ठेवते आणि त्यावर चढून पाय आपटत नाचते. अंगात आल्यासारखी. कपडे सुटतात, तिला शुद्ध नाही. ऐंशी लाख देव असे हसतात की आकाश हलतं. आतली विचारते, मी नसताना हसताय कशाला? दार किंचित उघडते, समोर आरसा, त्यात उजेड दिसतो. बाजूला दबा धरलेला ताजिकाराओ हात धरून बाहेर काढतो आणि मागे दोरी बांधतात, आता परत जायचं नाही म्हणून.

रुसून बसलेल्या सूर्याला नाचाने आणि हसण्याने बाहेर आणलं, शस्त्राने नाही. माझ्या मुलींना हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "ताई, पोकळ पिंपावर पाय वाजवला म्हणजे तोच तिचा तबला ना?" मला हे कधी सुचलं नव्हतं.

माळावरचीवाट

काही चुकलं नाही. ते पिंप पालथं लाकडी होतं, आणि आवाजासाठीच पालथं. देवळातल्या "कागुरा" नाचाचं मूळ लोक तिथेच मानतात. मियाझाकीत ताकाचिहो गावी नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्र रात्र जागून तेहतीस नाच करतात, त्यात ही गोष्ट येते. मी एकदाच गेले. पहाटे ताजिकाराओचं सोंग घेतलेला माणूस गुहेचं दार उचलून धरतो तेव्हा बाहेर खरोखर फटफटत असतं.

आणि ज्या दोरीने गुहेची वाट अडवली तीच माझ्या गल्लीतल्या चार बांबूंना बांधलेली दोरी. शिमेनावा.

मोदकप्रिय

गणपती जपानमध्ये आहे हे खरं का? फोटो पाहिलाय पण विश्वास बसेना.

माळावरचीवाट

खरं आहे, आणि हा खरोखरच आपला. पण तो शिंतो नाही, बौद्ध देवळांत असतो. इथून चीन, चीनमधून नवव्या शतकाच्या आसपास तांत्रिक बौद्ध पंथांबरोबर जपान. नाव कांगितेन किंवा शोतेन. मूर्ती दोन गजमुखांची, एकमेकांना मिठी मारलेली, आणि ती कधीच उघडी ठेवत नाहीत. पुजारी बंद दाराआड कोमट तेलाने अभिषेक करतात. इतका कडक देव मानतात की नवस फेडायला चुकू नये अशी ताकीद असते.

तोक्योत आसाकुसाला, सुमिदा नदीजवळ छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन आहे. तिथे नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. पायऱ्यांवर, दगडांवर मुळ्याची जोडी कोरलेली. दारातून मुळा विकत घ्यायचा आणि आत ठेवायचा. मी पहिल्यांदा हसले, मग कळलं की आपल्याकडच्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा असायचा. आपण विसरलो, त्यांनी ठेवला.

आणि तुमच्या नावाला साजेसं: क्योतोत कांकिदान नावाची एक मिठाई मिळते. लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, त्यात चंदनासारखे सुगंधी मसाले, वर पिठाची पारी, तोंडाशी चुण्या घालून बांधलेली, तिळाच्या तेलात तळलेली. पारी इतकी टणक की पहिला घास दातांनी फोडावा लागतो. आईच्या हातावर ठेवली. तिने उलटसुलट करून पाहिली, चुण्या मोजल्या, आणि म्हणाली, "तळणीचा मोदक."

शब्दवेडी

सरस्वतीही आहे ना? बेन्झाइतेन?

माळावरचीवाट

आहे, हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य. सुवर्णप्रभाससूत्र या बौद्ध ग्रंथातून गेली. तिच्या नावातलं मधलं "झाइ" हे अक्षर आधी बुद्धी, कसब या अर्थाचं होतं. पुढे त्याच उच्चाराचं धनाचं अक्षर लिहायला लागले आणि वाणीची देवी पैशाचीही झाली. कामाकुरात एका डोंगरकपारीत तिचा झरा आहे. लोक बांबूच्या टोपलीत नाणी आणि नोटा ठेवून पळीने धुतात. सात भाग्यदेवतांतला दाइकोकुतेन म्हणजे आपला महाकाल. तो तर इझुमोच्या ओकुनिनुशी या जपानी देवाशी एकजीवच झाला, कारण ओकुनिनुशीच्या नावातली "ओकुनि" ही अक्षरं "दाइकोकु" अशीही वाचता येतात. भयंकर महाकाल तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसायला लागला.

१८६८ साली सरकारने हुकूम काढून कामी आणि बुद्ध वेगळे करायला लावले. हजार वर्षं एका अंगणात नांदलेली देवळं तोडून वेगळी केली. कित्येक ठिकाणी बेन्झाइतेनची पाटी काढून तिथे इचिकिशिमाहिमे या जपानी देवीचं नाव लावलं. म्हणून मी म्हणते, कोण कुठून आलं ते माहीत असू द्यावं, पण ओढाताण करू नये. ती एकदा होऊन गेली आहे, आणि त्यात खूप मोडलं.

साधकबाधक

तुम्ही सगळं गोड लिहिता आहात. याच धर्माच्या नावाने सम्राटाला अमातेरासुचा वंशज ठरवून अर्ध्या आशियावर युद्ध लादलं, ते कोण सांगणार?

माळावरचीवाट

सांगायलाच हवं. मेइजी काळापासून, म्हणजे १८६८ नंतर, शिंतो सरकारी झाला. शाळा, सैन्य, देऊळ एका सुतात ओवलं. १५ डिसेंबर १९४५ ला दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने तो सरकारपासून तोडला, आणि १ जानेवारी १९४६ च्या घोषणेत सम्राटाने आपण देव असल्याची कल्पना खोटी म्हटली. युद्धात मेलेल्यांच्या यासुकुनी देवळावरून शेजारी देशांच्या मनात आजही जखम आहे, आणि ती का आहे हे समजतं.

पण त्या सरकारी शिंतोने सगळ्यात आधी गळा धरला तो गावच्या कामींचा. १९०६ पासून "एका गावाला एकच देऊळ" म्हणत सुमारे ७० हजार लहान देवळं बंद करून मोठ्यांत विलीन केली. देऊळ गेलं की त्याची राई तोडायला मोकळी. वाकायामाचे मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१), बुरशी आणि शेवाळं अभ्यासणारे निसर्गतज्ज्ञ, याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहीत राहिले. १९१० साली सभेत घुसून गोंधळ घातला म्हणून १८ दिवस तुरुंगात बसले. त्यांच्यामुळे काही राया वाचल्या.

राखणदार

आमच्या देवराईतून पडलेलं लाकूडही घरी आणत नाहीत. हा माणूस आवडला.

चौकटमोजणी

मी बांधकामात आहे. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नवीन बांधतात म्हणे. जुनं मोडकळीला येतं म्हणून की काय?

माळावरचीवाट

शेजारी शेजारी दोन सारख्या जागा. एकीवर देऊळ, दुसरी पांढऱ्या-काळ्या खड्यांनी भरलेली मोकळी. वीस वर्षांनी मोकळ्या जागेवर हिनोकी लाकडाचं तंतोतंत तसंच देऊळ उभं राहतं. पहिल्यांदा ६९० साली. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लढायांत शंभराहून जास्त वर्षं खंड पडला, तरी परत सुरू झालं. २०१३ ला बासष्टावी वेळ, पुढची २०३३. वीस वर्षं म्हणजे पोराने एकदा हाताखाली शिकायचं, मग स्वतः करायचं, मग म्हातारपणी शिकवायचं, असा सुतारांचा हिशोब बसतो. जुनं लाकूड वाया जात नाही. मुख्य देवळांचे मोठे खांब उजी पुलाच्या दोन टोकांना तोरी, म्हणजे कमानी, होऊन उभे राहतात. बाकीचं इतर देवळांना जातं.

देव हलवायची रात्र मी दूरदर्शनवर पाहिली. २ ऑक्टोबर, रात्रीचे आठ. सगळे दिवे मालवले. अंधारात एक पुजारी तीनदा कोंबड्यासारखा आरवला, "काकेकोओ". गुहेच्या दारातला तोच कोंबडा. मग पांढऱ्या रेशमी पडद्याच्या आत, कोणाला न दिसता, अमातेरासुचं रूप मानलेला आरसा जुन्या घरातून नव्या घरात गेला. ऐकू येत होते ते फक्त खड्यांवरचे पाय.

चौकटमोजणी

सुतारांचा हिशोब पटला. आमच्याकडे जुने मिस्त्री गेले की त्यांच्याबरोबर सगळंच जातं.

सुईदोरा

मी हा धागा पहिल्यापासून वाचते आहे, लिहायचा धीर होत नव्हता. मी चाळीस वर्षं शिवणकाम करते. मोडलेल्या, वाकलेल्या सुया मला टाकवत नाहीत. कोणाच्या पायात जाईल हे एक, आणि दुसरं म्हणजे तिने एवढं काम केलंय. आईच्या काळापासून एका पावडरच्या डब्यात साठवते आहे. सून हसते. तुमच्या त्या कामींमध्ये सुईचा कोणी आहे का?

माळावरचीवाट

काकू, सुईसाठी एक विधीच आहे. हारिकुयो म्हणतात. तोक्योकडे ८ फेब्रुवारीला, क्योतो-ओसाकाकडे बऱ्याच ठिकाणी ८ डिसेंबरला. शिंपी, किमोनो शिवणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या बायका वर्षभरातल्या मोडक्या सुया घेऊन येतात. समोर तोफूचा मोठा पांढरा ठोकळा असतो. आपली सुई त्यात हळूच खोचायची. आयुष्यभर जाड कापडातून गेली, आता मऊ जागी विसावू दे, म्हणून तोफू. मग दोन हात जोडून तिचे आभार मानायचे. त्या दिवशी कोणी शिवत नाही.

तुमचा डबा किती मोठा आहे?

सुईदोरा

वितभर उंच. पाऊण भरला आहे.

माळावरचीवाट

आई जानेवारीत परत येते आहे, पुण्याहून. तिच्या मोठ्या बॅगेत टाकायला द्या, झाकणाला चिकटपट्टी लावून. ८ फेब्रुवारीला आम्ही दोघी घेऊन जाऊ. तुमच्या आईचं नाव मला निरोपातून कळवा, खोचताना घेईन.